काही त्रास नाही

पोटासाठी माणसाला काहीतरी यावं लागतं. कुणाला शिवता येतं, कुणाला भिंत बांधता येते, कुणाला नुसतं बोलता येतं आणि तेवढ्यावरही त्याचं भागतं. ठणठणीतला यातलं काहीच येत नव्हतं. त्याला फक्त निरोगी राहता यायचं. पण ते तो इतकं मन लावून करायचा की त्यातच त्याचं नाव झालं, आणि आईबापांनी ठेवलेलं नाव सह्या करण्यापुरतं उरलं.

निरोगी राहून पोट कसं भरतं, असं कुणालाही वाटेल. त्याचं असं आहे की नवं औषध निघालं की ते आधी आजाऱ्याला देत नाहीत. आजारी माणूस मुळात बेजार. त्याला काही झालं तर ते औषधामुळे झालं की आजारामुळे, हे कळायचं कसं? म्हणून ते आधी धडधाकट माणसाला देतात आणि त्याचं काय होतं ते बघत बसतात. शहराच्या कडेला, जुन्या टायरांच्या गोदामामागे, अशा बघत बसणाऱ्यांची एक इमारत होती. आत पांढऱ्या खाटांची रांग, प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक घड्याळ आणि पायाशी एक बाटली. खाटेवर पडायचं, दंडातून रक्त काढू द्यायचं, ठरल्या वेळी बाटलीत लघवी करायची, पुढे येईल ते खायचं आणि विचारलं की काय होतंय ते सांगायचं. एवढंच काम. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं ठणठणीत चोख करायचा.

त्याची बायको शेजारीपाजारी सांगायची, "आमचे हे संशोधनात आहेत." घरात मात्र तिचा सूर वेगळा असायचा. "लोकांचे नवरे राबून थकतात, आमचे लोळून थकतात. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण कुणीतरी तुम्हाला बघूनच केली असणार."

"अगं, मी नसतो तर लोकांना औषधं मिळाली असती का?" ठणठणीत विचारायचा.

"तुम्ही नसता तर मला शांतता मिळाली असती," बायको म्हणायची.

पूर्वी तो चपलांच्या दुकानात होता. जोडा घट्ट झाला तर 'वापरला की सैल होतो' म्हणायचं आणि सैल झाला तर 'मोज्यावर नेमका बसतो' म्हणायचं, एवढं तो तिथे शिकला. पुढे दुकान बुडालं, पण विद्या वाया गेली नाही. वॉर्डात ती जोड्यांपेक्षाही जास्त उपयोगी पडली.

कारण वॉर्डाचा एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्या सगळ्या कायद्यांपेक्षा कडक पाळला जायचा. डॉक्टर पहिल्या दिवशी घसा कोरडा करून सांगायचे की डोकं दुखलं, खाज आली, नुसतं कसंतरी वाटलं, तरी सांगा. हे ऐकून नवीन माणूस खरोखर सांगायचा. मग त्याच्याभोवती डॉक्टरांची गर्दी जमायची, सुया वाढायच्या, घरी जायचा दिवस लांबायचा, आणि पुढच्या वेळी त्याला बोलावणं यायचंच नाही. का आलं नाही, हे त्याला कुणी सांगायचं नाही. बाकीचे मात्र शहाणे व्हायचे. परिचारिकेने "काही त्रास?" विचारलं की रांगेतून एकापाठोपाठ एक उत्तर यायचं. "नाही, मस्त." "मस्त." "एकदम मस्त." ठणठणीतचं 'मस्त' त्यात सगळ्यात गोल आणि तुपट यायचं. एकदा दुपारी तो घोरत असताना परिचारिकेने सहज विचारलं, तर घोरणं न थांबवता तो "मस्त" म्हणाला. वॉर्डातले त्याला उस्ताद म्हणू लागले ते तेव्हापासून.

उस्तादकी टिकवायला नुसतं 'मस्त' पुरत नाही, काहीतरी गूढ विद्याही लागते. ठणठणीतकडे जीभ होती. तिथे काहींना खरं औषध देत आणि काहींना त्याच्यासारखंच दिसणारं काहीतरी निरुपद्रवी. कुणाला काय मिळालं हे घेणाऱ्याला ठाऊक नसायचं आणि देणाऱ्यालाही नसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. वॉर्डातल्या भाषेत खऱ्याला 'माल' आणि खोट्याला 'पाणी' म्हणत. ठणठणीतचं म्हणणं असं की त्याला जिभेवर ठेवताक्षणी कळतं. कडवट तो माल, गोडसर ते पाणी. "औषध कधी गोड असतं का?" तो विचारायचा, आणि या प्रश्नाला वॉर्डात कुणाकडे उत्तर नसायचं. तो बरोबर सांगतो की चूक, हेही कधी कुणाला कळायचं नाही, कारण मूठ उघडायच्या आत सगळे आपापल्या घरी गेलेले असायचे. जगातल्या पुष्कळ उस्तादांची उस्तादकी अशीच टिकून राहते.

बाजारात आलेल्या औषधांकडे तो मोठ्या झालेल्या पोरांकडे बघावं तसं बघायचा. औषधाच्या दुकानासमोरून जाताना बोटाने दाखवायचा, "ते माझ्या पोटातून गेलंय. तेही. ते मलम माझ्या पाठीवर होतं." बायकोला रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा तर त्याला आभाळ ठेंगणं झालं, कारण ती गोळीही त्याच्याच हातची, म्हणजे त्याच्याच पोटातली.

"डोळे मिटून घे," तो म्हणाला. "मी स्वतः घेतलीय. काही होत नाही."

बायको रोज सकाळी डोळे मिटून घ्यायची. अलीकडे ओट्याजवळच्या पाटावरून उठताना ती भिंतीला हात लावायची. गरगरतं म्हणायची. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की या गोळीने गरगरत नाही, तसं आजवर कुणी म्हटलेलं नाही, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. तिने चष्मा बदलला होता आणि आता नव्या चष्म्यातून भिंत शोधायची.

ठणठणीतला एक धाकटी बहीण होती. भाऊ जितका निरोगी, तितका तिचा श्वास नाजूक. ती पावाच्या भट्टीवर कामाला होती. पहाटे पिठाची पोती उघडायची, कणीक मळायची, आणि तेच पीठ वर्षानुवर्षं छातीत जाऊन तिला दमा लागला होता. दम्याला पीठ चालत नाही, आणि धाकटीला पिठावाचून दुसरं काही येत नव्हतं. तिची छाती भरली की आतून कुत्र्याचं पिल्लू केकाटल्यासारखा बारीक आवाज यायचा. मग ती ॲप्रनच्या खिशातून पंप काढायची, दोनदा ओढायची आणि पुन्हा कणकेत हात घालायची. हल्ली पंप दिवसातून फार वेळा निघू लागला होता, आणि मुकादम म्हणाला होता की गिऱ्हाईक काचेतून बघतं, पावावर खोकणारी बाई बरी दिसत नाही.

"दादा, आईने श्वास वाटले तेव्हा माझ्या वाट्याचाही तूच ओढलास," ती म्हणायची.

"मग मीच परत आणून देतो," ठणठणीत म्हणायचा. असल्या गोष्टी तो सहज बोलून जायचा, पण ही मात्र त्याला मनापासून वाटायची. लहानपणी धाकटी अंथरुणात उठून बसून श्वासासाठी झगडायची आणि तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायचा. उभ्या आयुष्यात त्याला इतकी भीती दुसऱ्या कशाची वाटली नव्हती.

म्हणून दम्याच्या नव्या औषधासाठी निरोगी माणसं हवीत असं कळलं, तेव्हा तो बोलावणं यायची वाट न बघता स्वतःच जाऊन उभा राहिला. दिवसातून एकदाच ओढायचं औषध. पंपाची कटकट नाही. तरुण डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सगळं समजावलं: हे माणसाच्या छातीत पहिल्यांदाच जाणार आहे, त्यामुळे पहिल्या सकाळी फक्त दोघांनाच द्यायचं, एकाला खरं आणि एकाला खोटं, आणि त्या दोघांना काही झालं नाही तरच बाकीच्यांना. ठणठणीतने मान डोलावली. समजावून सांगताना मान कुठे डोलवायची हे त्याला पाठ होतं.

त्या दोघांतला एक अर्थातच तो. दुसरा एक घरं रंगवणारा रंगारी, वॉर्डात अगदी नवा. दोघांना यंत्रासमोर बसवलं, नाकाला चिमटा लावला, नळी तोंडात दिली. ओढा, धरून ठेवा, सोडा. ठणठणीतने जीभ टाळूला लावली आणि त्याच्या चेहऱ्यावर जाणत्याचं हसू आलं. गोडसर.

"तुझं कसं लागलं?" त्याने रंगाऱ्याला विचारलं.

"कडू जहर," रंगारी म्हणाला.

"मग माल तुला. मला पाणी." हा निकाल दुपारपर्यंत अख्ख्या वॉर्डात पसरला. लोक रंगाऱ्याकडे येऊन त्याच्या डोळ्यांत बघून जाऊ लागले. रंगाऱ्याला आधी घाम फुटला, मग डोकं दुखू लागलं, मग छाती धडधडू लागली. त्याला कायदा ठाऊक नव्हता, म्हणून त्याने सगळं सांगितलं. डॉक्टर धावले. दुसऱ्या दिवशी त्याची पिशवी भरली गेली आणि जाताना तो सगळ्यांकडे असा बघत गेला, की आता आपली गाठ वरच पडणार.

गंमत म्हणजे त्याच पहिल्या दुपारी ठणठणीतलाही काहीतरी झालं होतं. श्वास मोजायच्या यंत्रात फुंकून झालं होतं, पुढच्या फुंकण्याला अजून अवकाश होता, तो न्हाणीघरात तोंड धूत होता आणि छाती एकदम आवळली. कुणी पट्टा घालून ओढावा तशी. त्याने श्वास घेतला तर आतून बारीक आवाज आला. पिल्लाच्या केकाटण्यासारखा. तो आवाज त्याच्या चांगला ओळखीचा होता, फक्त त्याच्या स्वतःच्या छातीतून तो कधी आला नव्हता. तो बेसिनला धरून उभा राहिला. आपल्याला तर पाणी मिळालंय, त्याने विचार केला. पाण्याने कुणाला काही होतं का? दुपारचा कोबी बाधला असणार. हळूहळू पट्टा सैल झाला, आवाज विरला. तो बाहेर आला, यंत्रात नेहमीसारखा दणक्यात फुंकला, आणि परिचारिकेने विचारताच म्हणाला, "मस्त."

एका माणसाची जीभ, आणि तिच्यावर तिच्या मालकाचा केवढा विश्वास! स्वतःची छाती ओरडून सांगत होती, पण उस्तादाने जिभेचं ऐकलं.

रंगाऱ्याच्या तपासण्यांत काही सापडलं नाही, तेव्हा बाकीच्यांनाही औषध दिलं. कुणाला काय झालं, काय नाही, देव जाणे. रांगेतून उत्तर आलं ते एकच, आणि ते ठणठणीतने शिकवलेलंच होतं. औषध पुढच्या पायरीवर गेलं. आता थोडा दमा असलेली माणसं हवी होती.

"तुझं नाव देऊन टाक," ठणठणीत धाकटीला म्हणाला. "अगं, मी आत होतो. एकाला काही झालं नाही. एक रंगारी होता, पण तो भित्रा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

"दादा, नक्की ना?"

"मी कधी चुकलोय?"

ही गोष्ट खरीच होती. तो कधी चुकल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. धाकटीची तपासणी झाली, दमा बेताचा निघाला, आणि तिला घेतलं. जायच्या आधी ठणठणीतने तिला स्वयंपाकघरात समोर बसवून सगळी विद्या दिली. प्राणवायू मोजायला बोटाला चिमटा लावतील, तेव्हा हात आधी चोळून गरम ठेव, आकडा चांगला येतो. श्वास नाकाने, हळू. चेहरा हसरा. आणि काहीही झालं तरी काय म्हणायचं?

"मस्त," धाकटी म्हणाली.

"असं मेल्यासारखं नको. गोल म्हण. मस्त."

"मस्त!" धाकटी हसत म्हणाली. तिला हे औषध हवं होतं. एकदाच सकाळी ओढायचं आणि दिवसभर मुकादमासमोर न खोकता उभं राहायचं. अर्ध्यावरून घरी पाठवलं तर ते औषध हातातून गेलं, हे भावाने तिला नीट समजावलं होतं. बायको ओट्याशी ऐकत उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, ते विचारतात ते कशासाठी विचारतात?"

त्या सकाळी तो धाकटीला घेऊन इमारतीत गेला. लिफ्टपर्यंत सोडलं, पाठीवर थाप दिली, आणि खालच्या दालनात चहाचा कागदी पेला घेऊन ऐटीत बसला. तिथे समोरच्या खुर्चीवर रंगारी बसलेला.

तो जिवंत होता, एवढंच नव्हे तर गुबगुबीत झाला होता.

"तू इथे कसा?" ठणठणीतने विचारलं.

"शेवटची तपासणी. काय सांगू उस्ताद, घरी गेल्यावर पण डोकं दुखायचं थांबेना. रात्रंदिवस वाटायचं, आपल्या अंगात माल भिनलाय. शेवटी डॉक्टरीणबाईंनी वरून परवानगी काढली आणि माझी मूठ उघडून बघितली." रंगारी स्वतःच्याच मांडीवर हात मारून हसला. "पाणी निघालं हो! निव्वळ पाणी! हे कळलं आणि डोकं तिथल्या तिथे थांबलं."

"शक्य नाही. तुझं कडू होतं."

"तेच तर. म्हणे, माल मूळचा फार कडू, म्हणून त्यात गोड घातलेलं. आणि पाण्याला चवच नाही, तर कुणी ओळखू नये म्हणून त्यात कडू घातलेलं. दोन्हीकडून शहाणपणा! तुमच्या जिभेपायी मी बायकोला दागिने कुठे ठेवलेत तेसुद्धा सांगून बसलो होतो."

ठणठणीत हसला नाही. त्याचा हिशेब सोपा होता, आणि तो आपोआप होऊन गेला. पहिल्या सकाळी दोघे. एकाला माल, एकाला पाणी. पाणी रंगाऱ्याला. मग न्हाणीघरातला तो आवाज कोबीचा नव्हता. निरोगी छातीला ज्याने केकाटायला लावलं, ते आता धाकटीच्या छातीत जाणार होतं. आणि काहीही झालं तरी ती हसून 'मस्त' म्हणणार होती. गोल म्हणणार होती. पेला तसाच टाकून तो लिफ्टकडे धावला.

लिफ्टमध्ये कुणीतरी खाट अडकवून ठेवली होती. तो जिन्याने धावला. आयुष्यभर खाटेवर पडून जपलेली तब्येत जिन्यावर काय कामाची! वर पोचला तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. दाराशी बसणाऱ्या पहारेकऱ्याने एक धापा टाकणारा माणूस बघितला, आणि तो मजला दमेकऱ्यांचा असल्याने जे समजायचं ते समजला. त्याने हाक मारली. दोन परिचारिकांनी येऊन ठणठणीतला धरून खुर्चीत बसवलं, बोटाला चिमटा लावला, आणि एकीने वाकून विचारलं, "काका, काही त्रास होतोय?"

"नाही, मस्त," ठणठणीत म्हणाला.

इतक्या वर्षांची सवय. जीभ त्याच्याआधी बोलून मोकळी झाली होती. परिचारिका सुटकेचा श्वास सोडून वळलीही. ठणठणीतने तिचा हात धरला. स्वतःच्या तोंडाची त्याला इतकी चीड कधी आली नव्हती.

"त्रास होतोय," तो म्हणाला. "मला नाही. माझ्या बहिणीला. तिला औषध देऊ नका."

"दिलंय की मघाशीच. बरी आहे ती, आत्ताच विचारलं."

"काय म्हणाली?"

"मस्त म्हणाली."

ठणठणीतने चिमटा काढून फेकला आणि पहारेकऱ्याला ढकलून आत गेला. धाकटी खाटेवर ताठ बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली घालून गरम ठेवलेले. चेहरा हसरा. डॉक्टरीणबाई समोर उभ्या होत्या आणि समाधानाने बघत होत्या, कारण ज्याला हसू येतंय त्याचा श्वास कुणी मोजत नाही. पण ठणठणीतने तिची मान बघितली. मानेच्या खळीत श्वासागणिक कातडी आत जात होती. लहानपणी अंथरुणात जायची तशीच.

"खोटं बोलतेय ती!" तो ओरडला. "मी शिकवलंय तिला! तिची छाती ऐका!"

धाकटीने भावाकडे बघितलं. हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टरीणबाईंनी कानाला नळ्या लावल्या, पाठीवर टेकवल्या, आणि पुढच्या क्षणी सगळी खोली धावू लागली. मास्क आला, वाफ आली, सुई आली. ठणठणीतला कुणी बाहेर काढलं नाही, कारण तेवढा वेळ कुणालाच नव्हता. तो भिंतीला लागून उभा राहिला आणि धाकटीच्या मानेची खळी बघत राहिला. बराच वेळ ती आत जात राहिली. मग हळूहळू कमी झाली. मग थांबली, आणि श्वास नुसता येऊ-जाऊ लागला. तेव्हा तो जमिनीवर बसला आणि हुंदके देऊन रडला.

धाकटीने मास्क बाजूला केला. "तू शिकवलंस तसंच केलं की मी, दादा," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला शेजारच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. त्याने न्हाणीघरातलं सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, पाणी आहे."

"काका," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं. "पाणी पिऊन त्रास झाला तरी सांगायचा असतो. काय दिलंय ते आम्ही बघतो. काय होतंय ते तुम्ही सांगायचं. तुमचं एवढंच तर काम होतं."

"सांगणाऱ्याला तुम्ही पुन्हा बोलावत नाही," ठणठणीत म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. त्यांनी विचारलं, "आधीच्या औषधांच्या वेळी काही झालं होतं का? कधीही?"

ठणठणीतला हसू आलं. मलमाने पाठ पेटली होती. साखरेच्या औषधाने हात थरथरायचे. एका सिरपाने भिंती हिरव्या दिसायच्या आणि अख्ख्या वॉर्डाने दोन दिवस हिरव्या भिंतींवर विनोद करून 'मस्त' म्हटलं होतं. तो सांगत गेला. सांगता सांगता रक्तदाबाच्या गोळीपाशी आला आणि थांबला.

"हं, त्या गोळीने काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उठताना गरगरायचं," तो म्हणाला. "सगळ्यांनाच. आम्ही भिंतीला धरून बाटलीपर्यंत जायचो."

दम्याचं औषध तिथल्या तिथे थांबवलं गेलं. वॉर्डातल्यांनी ठणठणीतशी बोलणं टाकलं. एकाने तर तोंडावर सुनावलं, आपलं मोडलं ते मोडलं, दुसऱ्याच्या पोटावर कशाला पाय? इमारतीतून पुन्हा बोलावणं येणार नव्हतं, हे कुणी त्याला सांगितलं नाही. कायद्याप्रमाणे ते सांगायचं नसतंच. धाकटी बरी होऊन भट्टीवर गेली. पंप पुन्हा ॲप्रनच्या खिशात आला, मुकादम पुन्हा काचेकडे बघू लागला, आणि भाऊ भेटायला आला की ती तेवढ्यापुरती मागच्या खोलीत जायची.

पण हे सगळं नंतरचं; त्या दिवशी इमारतीतून घरी पोचल्यानंतरची पहिली सकाळ अशी गेली. बायको पाटावरून उठली, तिचा हात भिंत शोधत गेला, भिंत सापडली. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर गोळी होती. डोळे सवयीने मिटलेले.

"थांब," ठणठणीत म्हणाला.

"का? आता काय झालं?"

"ही गोळी घेतली की मलाही गरगरायचं. सगळ्या वॉर्डाला गरगरायचं."

बायकोने डोळे उघडले. आधी गोळीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या आपल्या हाताकडे, मग नवा चष्मा काढून पदराने पुसला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"त्यांनी विचारलं असेल ना तुम्हाला?"

"रोज विचारायचे."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

 तो शब्द त्याने हजारो वेळा म्हटला होता, झोपेतसुद्धा म्हटला होता. आज मात्र तो गोल आला नाही.

"मस्त," तो म्हणाला.

 बायकोने गोळी परत डबीत टाकली, डबीचं झाकण घट्ट लावलं आणि पिशवीत ठेवली.

"चला, चपला घाला. डॉक्टरांकडे जायचंय," ती म्हणाली. "आणि तिथे बोलणार मी. तुम्ही बाहेर बसा."